दाराचा रंग ठरवण्याआधी घराकडे बघा



सातवीच्या वर्गाला ‘माझे घर’ हा निबंध दिला होता. १९ वह्या आल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत घर टुमदार, अंगणात तुळस आणि घरातले सगळे गुण्यागोविंदाने राहणारे. निबंध वाईट नव्हते हो, पण त्यातलं घर कोणाचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एकच प्रश्न विचारला, “तुमच्या घराच्या पुढच्या दाराचा रंग कोणता?” सात हात वर आले. बाकीची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, “बाई, दार दिवसभर उघडंच असतं, बघणार कधी?” बरोबर आहे त्याचं. आमच्या कोकणात दिवसाढवळ्या दार बंद दिसलं, की समजायचं माणसं मुंबईला गेली.

मुलांना बोलण्याचा मला तरी काय अधिकार? तीन वर्षांपूर्वी आमच्या घराच्या दाराचा रंग मी दुकानात उभ्या उभ्या ठरवला. शेडकार्डावरचा डाळिंबी रंग इतका सुंदर दिसला, की दुसरं पानही उलटलं नाही. घर आमचं चिऱ्याचं, बाहेरून गिलावा नाही. लाल-तांबूस जांभ्याच्या भिंतीत डाळिंबी दार असं काही मिसळून गेलं, की जाऊबाई म्हणाल्या, “दार कुठे आहे गं तुमचं?” शिवाय दार पश्चिमेला. दोन उन्हाळ्यांत डाळिंबीचा फिकट, पिठूळ असा काहीतरी रंग झाला.

माझं म्हणणं एवढंच, की दाराचा रंग एकटा निवडता येत नाही. चिरे, कौलं, ओटीची फरशी, जोतं हे पंचवीस-तीस वर्षं बदलत नाही. दार मात्र एका डब्यात बदलतं. मग जे बदलणार नाही त्याच्याकडे आधी बघायला नको का? आपण नेमकं उलट करतो. आधी मनात रंग ठरवतो, मग तो घरावर लादतो.

याच्यामागे शास्त्र आहे आणि ते वर्गात शिकवण्यासारखं आहे. मिशेल शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलाँ या भिंतीवरचे पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. काही रंग, विशेषतः काळा, फिके दिसतात अशा तक्रारी यायच्या. त्याने तपासलं तेव्हा लक्षात आलं, की काळ्या धाग्याच्या रंगात खोट नव्हती. खोट त्याच्या शेजारच्या रंगात होती. शेजारी बदलला की तोच धागा डोळ्याला वेगळा दिसतो. यावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वर्गात हे दाखवायला दोन कार्डशीट पुरतात. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापा, एक लाल कागदावर ठेवा, दुसरा हिरव्यावर. लालवरचा तुकडा किंचित हिरवट दिसेल, हिरव्यावरचा तांबूस. मुलं तुकडे उचलून पुन्हा पुन्हा ताडून बघतात. बाईंनी फसवलं असंच त्यांना वाटतं!

लाल आणि हिरवा हे एकमेकांचे पूरक रंग. म्हणून जांभ्याच्या घराला गडद हिरवं दार उठून दिसतं. पण पोपटी लावलात तर ते ओरडायला लागतं, कारण जांभ्याचा लाल भडक नसतो, मातकट असतो. त्याच्या जोडीला रंगही थोडा मातकटच हवा, शेवाळी किंवा बाटलीसारखा हिरवा. घाटावर गोष्ट वेगळी. तिथल्या जुन्या वाड्यांचं जोतं काळ्या दगडाचं आणि दार सागवानी, तेल पाजलेलं. त्या तपकिरी लाकडाला काळा दगड इतका शोभतो, की त्यावर ऑइल पेंट फासायचं मनात आलं तर, कृपा करून, दोन दिवस थांबा. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये सहलीला गेलात तर मुलांना नुसते फोटो काढू देऊ नका. पिवळ्या भिंतीवर खिडकीची कड कोणत्या रंगाची आहे, निळ्या भिंतीवर कोणती, ते वहीत लिहायला सांगा.

दिशा आणि राशी बघून रंग सांगणारे प्रत्येक गावात असतात. घरातल्या मोठ्यांचं मन मोडायची गरज नाही. त्यांनी ‘हिरवा’ सांगितला, तरी हिरव्याच्या वीस छटा तुमच्या हातात उरतातच.

आता शाळेची गोष्ट. आमच्या वर्गांची दारं रंगवायला पालकांनी वर्गणी काढली होती. बैठकीत चॉकलेटी रंग जवळजवळ ठरलाही, कारण ‘मळ दिसत नाही’. मी म्हटलं, एक आठवडा द्या, मुलांना बघू दे. एक पालक जरा चिडलेच. “रंग मुलांनी ठरवायचा? उद्या गुलाबी म्हणतील.” आणि म्हणालीच की मुलं गुलाबी! मी नाही म्हटलं नाही. सुताराकडून प्लायचे चार तुकडे आणले, वहीएवढे. चार छोट्या डब्यांतून गुलाबी, चॉकलेटी, निळा आणि गडद हिरवा असे दोन-दोन हात मारून ते दाराशेजारी टेकवले. मुलांनी प्रार्थनेनंतर, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना रस्त्यावर उभं राहून नोंदी केल्या. तिसऱ्या दिवशी गुलाबीवाल्यांनीच गुलाबी काढून टाकला. ‘दुपारी डोळ्यात जातो’, असं एकीने लिहिलं. चॉकलेटीबद्दल नोंद होती, ‘पावसाळी दिवशी वर्गात अंधार वाटेल’. मला स्वतःला निळा आवडला होता. तो दोन मतांनी पडला. हिरवा जिंकला, आणि बैठकीत तो मुलांनीच आपल्या नोंदी वाचून मान्य करून घेतला. ते चिडलेले पालक शेवटी म्हणाले, “प्लायची कल्पना बरी आहे, घरी करतो.”

रंग कधी लावायचा, यावरही थोडं बोलते. आपल्याकडे गणपतीच्या आधी दार रंगवायची घाई असते. तेव्हा लाकूड श्रावणसरींनी फुगलेलं असतं. ओल्या लाकडावर ऑइल पेंट बसत नाही, फोड येतात आणि खालची फळी सगळ्यात आधी सोलते, कारण पागोळ्यांचं पाणी तिथेच उडतं. आम्ही दिवाळीनंतर रंगवलं.

पालकांनी एक गोष्ट मात्र मनावर घ्यावी. जुना रंग खरवडताना लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः भडक पिवळ्या, केशरी, लाल रंगांत, शिसं असू शकतं. ती धूळ मुलांच्या हातातून तोंडात जाते आणि मेंदूच्या वाढीला बाधते. कोरडं घासू नका. पृष्ठभाग ओला करून घासा, खाली जुनं प्लास्टिक अंथरा आणि नंतर ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. आमच्या रंगाऱ्याला हे पटायला वेळ लागला. ‘इतकी वर्षं घासतोय, काय झालं?’ हे उत्तर मी तीनदा ऐकलं. शेवटी काम सुट्टीच्या दिवसांत केलं आणि वर्गाला कुलूप ठेवलं.

या सगळ्यात एक मुलगा गप्प होता. निबंधाच्या वेळी हात वर न करणाऱ्यांपैकी. आठवड्याने हळूच म्हणाला, “बाई, आमच्या दाराला रंगच नाही. पत्र्याचं आहे.” मी म्हटलं, पत्र्यालाही रंग असतो, बघून ये. त्याने लिहून आणलं, ‘सकाळी दार पांढरं दिसतं. दुपारी त्याच्याकडे बघवत नाही. संध्याकाळी आई चूल पेटवते तेव्हा खालून तांबडं होतं.’ टुमदार घरांच्या १९ निबंधांत अशी तीन वाक्यं मला सापडली नव्हती.

शाळेच्या हिरव्याचा पाव लिटर उरला आहे. तो मिळेल का, असं त्याने स्वतःच विचारलं. मिळेल, पण कोऱ्या पत्र्यावर तो तसाच लावला तर पापुद्रे निघतील, त्याला पत्र्याचा वेगळा प्रायमर आधी लागतो. रंगाऱ्याला आणायला सांगितलाय. तोवर पोरगं प्लायचा तुकडा घरी घेऊन गेलंय, तिन्ही वेळा बघायला.