एप्रिलमधली हार डिसेंबरमध्येच ठरलेली असते

माझा एक मामेभाऊ अमेरिकेत, बाल्टिमोर शहराजवळ राहतो. सोलापूरचा पोरगा, पार्क मैदानावर टेनिस बॉलने खेळून वाढलेला. तिकडे गेल्यावर क्रिकेट सुटलं आणि बेसबॉल चिकटलं. बाल्टिमोरच्या संघाचं नाव ओरिओल्स. त्यांचा रात्रीचा सामना संपतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात-आठ वाजलेले असतात. त्यामुळे यंदाच्या, म्हणजे 2025च्या एप्रिल महिन्यात माझा पहिला चहा रोज या संघाच्या पराभवाबरोबर झाला.

20 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, सिनसिनाटीच्या संघाने ओरिओल्सना त्यांच्याच मैदानावर 24-2 असं हरवलं. बेसबॉलमध्ये एका संघाने चार-पाच धावा केल्या तरी बऱ्या समजतात. त्यावरून 24 म्हणजे काय ते ओळखा. सोमवारी सकाळी फोन आला. मी सांत्वनाला दोन शब्द बोलणार तोच साहेब म्हणाले, “भाई, अब्बी तो एप्रिलच है.”

चार आठवड्यांनी सूर बदलला. 15 विजय, 28 पराभव. आता एप्रिलचं नाव नाही. मॅनेजरला हाकला, एवढंच. (बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे हिशेब ठेवणारा माणूस नव्हे. आपल्या क्रिकेटमधला मुख्य प्रशिक्षक आणि अर्धा कर्णधार, असं समजा.) 17 मे रोजी संघाने मॅनेजर ब्रँडन हाइडला खरंच काढलं. भावाने मला अंगठ्याचं चित्र पाठवलं. मला त्या अंगठ्याचा राग आला. हा लेख त्याच रागातून लिहितोय. भाऊ हा वाचणार आहे, तेव्हा त्यालाही उद्देशून आहे असं समजावं.

हंगामाच्या सुरुवातीला संघ हरायला लागला की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, अजून लवकर आहे. दुसरा म्हणतो, सगळं संपलं, कुणाला तरी काढा. हे भांडण वर्षानुवर्षं चालू आहे आणि दोन्ही बाजूंना वाटतं की आपण एकमेकांच्या विरुद्ध बोलतोय. माझं म्हणणं असं आहे की दोघे मिळून एकाच माणसाला वाचवतात. तो माणूस मैदानावर नसतो. तो काचेच्या खोलीत बसलेला असतो.

आधी ‘अजून लवकर आहे’वाल्यांकडे बघू, कारण त्यांच्याकडे निदान आकडे असतात. बेसबॉलचा हंगाम 162 सामन्यांचा असतो. आपल्या आयपीएलमध्ये साखळीत 14 सामने, तिथे चार हरले तर धाबं दणाणतं. तरीही 2015 साली मुंबई इंडियन्स पहिले चार हरून विजेते झाले होतेच. 162मध्ये तर उत्तम संघसुद्धा साठेक सामने हरतो. म्हणून दहा-पंधरा सामन्यांवरून निकाल देऊ नये, हे बरोबर आहे. मग दाखला येतो तो बाल्टिमोरच्या शेजारच्या वॉशिंग्टन नॅशनल्सचा. 2019मध्ये पहिल्या 50 सामन्यांत 19 विजय, 31 पराभव. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा म्हणून ओरड सुरू झाली होती. काढलं नाही. संघ 93 सामने जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सीरिज घेऊन गेला.

दाखला खरा आहे, पण लोक तो अर्धाच सांगतात. त्या नॅशनल्सकडे शेर्झर आणि स्ट्रासबर्ग हे दोन नामांकित पिचर होते. शिवाय आदल्या डिसेंबरमध्ये मालकांनी पॅट्रिक कॉर्बिन या तिसऱ्या पिचरशी सहा वर्षांचा, 14 कोटी डॉलरचा करार केला होता. रेंडन होता, वीस वर्षांचा सोटो होता. म्हणजे ‘थांबा’ म्हणायला तिथे आधार होता. घरात धान्य असलं की पाऊस लांबला तरी ‘थांबा’ म्हणता येतं. कणगी रिकामी असताना तेच म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

आता बाल्टिमोरची कणगी बघा. 2024च्या हंगामात त्यांचा सर्वांत भरवशाचा पिचर होता कॉर्बिन बर्न्स. करार संपला आणि डिसेंबरमध्ये तो ॲरिझोनाला गेला, सहा वर्षं, 21 कोटी डॉलर. काइल ब्रॅडिश आणि टायलर वेल्स या आणखी दोन पिचरांच्या कोपरांवर 2024मध्येच शस्त्रक्रिया झाली होती. ते एप्रिलमध्ये नसणार हे हिवाळ्यातच सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी संघाने कुणाला घेतलं? 41 वर्षांच्या चार्ली मॉर्टनला आणि जपानहून आलेल्या 35 वर्षांच्या तोमोयुकी सुगानोला. दोघांनाही एकेका वर्षासाठी. सुगानोने सुरुवात बरी केली, त्याला दोष नको. मॉर्टनचं वय मात्र बोललं. यात मॅनेजर हाइडने काय करायला हवं होतं? स्वतः चेंडू टाकायचा?

हा हाइड कोण, तेही सांगतो. 2023मध्ये याच माणसाच्या हाताखाली हा संघ 101 सामने जिंकला आणि त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून त्याचीच निवड झाली. दोन वर्षांनी तो नालायक ठरला. ज्यांनी खेळाडू निवडले ते माइक इलायस यांनी खराब सुरुवातीची अंतिम जबाबदारी माझी, असं जाहीर केलं. जबाबदारी त्यांची आणि नोकरी गेली हाइडची! असली वाक्यं आपल्याकडे पूल कोसळल्यावर ऐकायला मिळतात.

कुणी म्हणेल, पण हाइड गेल्यावर संघ सुधारला की. हो, उरलेल्या 119 सामन्यांत 60 विजय, 59 पराभव. म्हणजे निम्मे जिंकले, निम्मे हरले. आणि जुलैअखेर संघाने मलिन्स, ओहर्न, लॉरियानो हे कामाचे फलंदाज दुसऱ्या संघांना देऊनही टाकले, कारण यंदाचं जमत नाही हे वरच्यांनी मान्य केलं होतं. शेवट 75-87, आपल्या गटात तळाला. ऑक्टोबरपर्यंत पोचायचं म्हणून मॅनेजर बदलला असेल, तर मग जुलैत दुकान आवरायला कशाला घेतलं?

याच शहराने हा खेळ आधीही पाहिलाय, म्हणून मला जास्त आश्चर्य वाटतं. 1988. ओरिओल्स पहिले सहा सामने हरले. सहा! मॅनेजर कॅल रिपकन थोरले यांना काढलं. त्यांची दोन्ही मुलं, धाकटा कॅल आणि बिली, त्याच संघात खेळत होती. बापाला काढलं आणि पोरांनी त्याच मैदानावर उतरायचं. जागी आले फ्रँक रॉबिन्सन. हे साधे गृहस्थ नव्हेत. 1975मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर झालेले, स्वतः थोर फलंदाज. त्यांच्या हाताखाली संघ काय करतो? पुढचे 15 सामने सलग हरतो. एकूण 21. एका रेडिओ निवेदकाने संघ जिंकेपर्यंत स्टुडिओतून उठणार नाही असं जाहीर केलं आणि बिचारा दहा दिवसांहून जास्त अडकून पडला. हसू येतं, पण मॅनेजर बदलल्याने काय होतं याचा इतका स्वच्छ प्रयोग दुसरा सापडणार नाही. संघ तोच, माणूस बदलला, निकाल तोच. पुढच्या वर्षी मात्र संघ तरुण केला, बरेच खेळाडू बदलले, आणि हेच रॉबिन्सन 87 सामने जिंकून गटात दुसरे आले.

त्या 21 पराभवांनंतर अखेर एक विजय मिळवून संघ घरी परतला, तेव्हा 2 मे 1988च्या रात्री पन्नास हजारांवर लोक मैदानात जमले. सगळ्यांत तळाच्या संघाला टाळ्या वाजवायला. अमेरिकेत ही गोष्ट निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. माझाही ऊर भरून येतो, नाही असं नाही. चारच वर्षांपूर्वी, 1984च्या मार्चमध्ये, त्याच शहराचा फुटबॉल संघ रातोरात ट्रक भरून इंडियानापोलिसला पळवला गेला होता. हाही संघ जाईल ही भीती प्रत्येकाच्या पोटात होती. पण त्याच रात्री त्याच मैदानावर काय जाहीर झालं ते सहसा कुणी सांगत नाही. नव्या स्टेडियमचा करार. सरकारी पैशातून बांधलेलं ते स्टेडियम 1992मध्ये उघडलं. लोकांचं प्रेम किती घट्ट आहे हे पन्नास हजारांनी दाखवून दिलं आणि मालकाने ते लगेच वटवलं.

पुढचा हिशेब तर ऐका. 1993मध्ये पीटर अँजेलॉस यांनी हा संघ 17.3 कोटी डॉलरला घेतला. 1998 ते 2011 अशी सलग 14 वर्षं संघ जिंकण्यापेक्षा जास्त हरला. 2024मध्ये त्या कुटुंबाने संघ डेव्हिड रुबेनस्टाइन यांच्या गटाला विकला, 172.5 कोटी डॉलरला. दहापट! सोलापुरात एखादी खानावळ चौदा वर्षं करपलेली भाकरी वाढत राहिली तर तिचं कुलूपही भंगारात जाईल. इथे किंमत दहापट झाली, कारण अमेरिकन बेसबॉलमध्ये तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलत नाहीत. टीव्हीच्या देशव्यापी करारांतला वाटा हरलात तरी मिळतो. शिवाय जास्त हरणाऱ्याला पुढच्या वर्षी नवे उत्तम खेळाडू आधी निवडण्याची संधी जास्त. ओरिओल्सनी 2018मध्ये 115 आणि 2021मध्ये 110 सामने गमावले, त्या बदल्यात त्यांना रचमन आणि हॉलिडे हे दोन पोरं पहिल्याच क्रमांकावर निवडता आले. ती सगळी वर्षं चाहत्यांना सांगितलं होतं की थांबा, पेरणी चालू आहे. माझा भाऊ थांबला. तिकीट काढून थांबला. पीक आलं 2023मध्ये. आणि खत घालायची वेळ आली तेव्हा एका वर्षाचे करार.

पैसा ओतला की जिंकतात, असंही नाही. न्यूयॉर्क मेट्सने 2023मध्ये तोवरचा सर्वांत महागडा संघ उभा केला आणि तेही 75-87वरच थांबले. माझा मुद्दा पैशाचा कमी आणि विचारण्याचा जास्त आहे. तुमच्याकडे दाद मागायचे सहा महिने होते. ते गेले आणि तुम्ही मॉर्टनला शिव्या घालता?

शिव्यांवरून आठवलं. याच मे महिन्यात ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅककलर्स एका इनिंगचा तिसरा भागच टिकला, सात धावा दिल्या. त्या रात्री त्याच्या लहान मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी शोधल्यावर निघाला परदेशातला एक दारू प्यायलेला माणूस, ज्याने सामन्यावर पैसे लावले होते. हरल्यावर राग कुणावर काढायचा ते आधीच ठरलेलं असतं, सामना फक्त निमित्त. ऑक्टोबर 2021मध्ये दुबईला आपण पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरलो, त्या रात्री एकाही गोलंदाजाला एक बळी मिळाला नव्हता. पण नाव एकाचंच घेतलं गेलं, मोहम्मद शमीचं. कोहली त्याच्या बाजूने उभा राहिला, त्याबद्दल कोहलीलाही ऐकावं लागलं. या पानाच्या वाचकांना जास्त सांगायची गरज नाही. आपणच दुसऱ्या कुणासाठी तो जमाव होऊ नये, एवढं भावाला सांगायचंय.

आणि ज्यांना वाटतं की मालकाला प्रश्न विचारणारा खरा चाहता नव्हे, त्यांनी ओकलंड आठवावं. तिथला संघ 2023मध्ये 112 सामने हरला, मालकाने लास वेगासला जायची तयारी चालवली होती. 13 जून रोजी चाहत्यांनी बहिष्काराच्या उलट बहिष्कार केला. घरी बसले नाहीत, 27,759 जण मैदानात आले आणि ‘संघ विका’ असं ओरडत राहिले. त्या रात्री एकाही खेळाडूची हुर्यो उडवली गेली नाही. उलट संघ 2-1ने जिंकला तेव्हा तेच लोक नाचले. संघ अखेर शहर सोडून गेलाच. 26 सप्टेंबर 2024ला तिथला शेवटचा सामना झाला. हरले, पण कुणाशी भांडतोय हे त्यांना माहीत होतं.

परवा भावाशी बोलणं झालं. मी हे सगळं त्याला ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “भाई, तिकीट तो लेनाच पडेगा. बच्चे को बोलके रख्या हूं.” घे बाबा, मी कुठे अडवलंय. पोराला जरूर ने. फक्त ते रोजचे सकाळचे फोन एप्रिलऐवजी डिसेंबरात कर, आणि मला नको, संघाच्या कचेरीत कर.