नाही म्हणण्याची सोय

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात खंडणी सहसा खंडणी म्हणून मागितली जात नाही. ती माथाडीच्या, भंगाराच्या ठेक्याच्या, स्थानिकांच्या रोजगाराच्या नावाने येते. ग्रीक पुराणकथांतल्या वाटमाऱ्यांची रीतही अशीच होती. वीर थीसियस ट्रोझेनहून अथेन्सला निघाला, त्या वाटेवर मेगाराच्या कड्यावर स्किरॉन बसलेला असे. तो वाटसरूला आपले पाय धुवायला लावी आणि तो वाकला की लाथ मारून समुद्रात ढकली. पुढे प्रोक्रस्टीस वाटसरूंना मुक्कामाला घरात घेई. पाहुणा पलंगापेक्षा उंच निघाला तर पाय तोडी, बुटका निघाला तर ताणून लांब करी. सेवा आणि पाहुणचार चांगलेच. पण नाही म्हणण्याची सोय काढून घेतली की त्यांचाच सापळा होतो. माल उतरवणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. 1969 चा माथाडी कायदा त्यासाठीच झाला. त्यात कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे असते आणि मजुरीही मंडळामार्फत मिळते. पण क्रेनने माल उतरला, हमालाचा हातही लागला नाही, आणि तरी गाडी अडवून वाराई, म्हणजे माल उतरवण्याचे पैसे, मागितले, तर ती लूटच. खऱ्या माथाडीचे नावही त्यात बदनाम होते.

यावर कोणी म्हणेल, कारखान्यांसाठी जमिनी इथल्या शेतकऱ्यांच्या गेल्या, मग ठेक्यावर हक्क कोणाचा? प्रश्न रास्त आहे. लुटारूचा शिक्का कोण मारतो हेही पाहावे लागते. मेगाराचे लेखक स्किरॉनला लुटारू नव्हे, लुटारूंचा कर्दनकाळ मानत, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवले आहे. उमाजी नाईकांना इंग्रजांनी दरोडेखोर ठरवून 1832 मध्ये पुण्यात फाशी दिली. आज ते आद्यक्रांतिकारक आहेत. पण उमाजी परक्या सत्तेविरुद्ध उभे राहिले. रात्रभर गाडी हाकून आलेल्या ट्रकचालकाला अडवणारा कोणत्या सत्तेशी लढतो आहे? धमकी देऊन मिळवलेला ठेका जमीन गेलेल्या घरांत पोहोचत नाही, तो धमकावणाऱ्याच्याच घरी राहतो.

थीसियसने प्रत्येक वाटमाऱ्याला त्याच्याच पद्धतीने मारले. आपल्याला तो मार्ग नको. कायदा आहे आणि 2018 पासून पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही आहे. उद्योजकांनी गुपचूप पैसे मोजणे थांबवून तक्रार नोंदवावी, ठेके जाहीरपणे द्यावेत आणि जमीन गेलेल्या कुटुंबांचे प्राधान्य त्यात लेखी नमूद करावे.