तैपेईतील रिकामी खुर्ची

परराज्यातील पोपच्या राजदूताला नुन्सियो म्हणतात. पेशवाईतील वकिलाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो. पण वकिलाला परक्या दरबाराशी बोलणे पुरे असे, नुन्सियोला यजमान सरकार आणि त्या देशातील कॅथलिक धर्मसभा अशी दोन दारे सांभाळावी लागतात. बिशपपदासाठी योग्य व्यक्तींची चौकशी करून नावे रोमला कळवणे हे त्याचेच काम. म्हणूनच चीनसाठीचा नुन्सियो कोठे बसावा, हा प्रश्न आम्हांला निव्वळ राजशिष्टाचाराचा वाटत नाही.

व्हॅटिकनने चीनशी राजनैतिक संबंध जोडले ते १९४२ साली. १९४६ मध्ये पोपचे दूत म्हणून नेमले गेलेले आंतोनियो रिबेरी, १९४९ साली नानजिंग कम्युनिस्टांच्या हाती गेल्यावरही तेथेच राहिले. १९५१ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले आणि दुसऱ्या वर्षी दूतावास तैपेईत उभा राहिला. १९७१ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा बीजिंगला मिळाली. त्यानंतर रोमने तैपेईत नुन्सियो नेमलाच नाही. कारभार प्रभारी दूत पाहतो. दूतावासाच्या नावात मात्र अजूनही ‘चीन’ आहे! तात्पुरती म्हणून केलेली सोय अर्धशतकाहून अधिक काळ टिकली, तर तिला धोरण म्हणणेच प्रामाणिकपणाचे.

हे धोरण झाकूनही ठेवलेले नाही. बीजिंग राजी असेल तर त्याच रात्री दूतावास हलवू, अशा आशयाचे विधान कार्डिनल सोदानो यांनी १९९९ मध्ये जाहीरपणे केले होते. ते त्या वेळी व्हॅटिकनचे राज्यसचिव होते. तैवानला मान्यता देणारा युरोपातील एकमेव देश व्हॅटिकन. तेव्हा हे वाक्य तेथील कॅथलिकांनी कसे ऐकले असेल?

रोमची निकड खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. बिशप नसेल तर धर्मगुरूंना दीक्षा कोण देणार? शांघायचे बिशप कुंग पिन-मेई १९५५ साली पकडले गेले आणि सुमारे तीस वर्षे कैदेत राहिले. अशा हालअपेष्टा टळाव्यात म्हणून वाटाघाटी करण्यात कमीपणा नाही. परंतु बिशपांच्या नेमणुकीविषयी २२ सप्टेंबर २०१८ रोजी झालेल्या कराराचा मसुदा अद्याप प्रसिद्ध झालेला नाही. त्याचे २०२०, २०२२ आणि २०२४ असे तीनदा नूतनीकरण झाले, शेवटचे तर चार वर्षांसाठी. दरम्यान, २०२३ च्या एप्रिलमध्ये चिनी अधिकाऱ्यांनी रोमला न विचारता शेन बिन यांना शांघायच्या बिशपपदावर बसवले. जुलैत पोपनी त्यास मान्यता दिली. ज्या शहराच्या बिशपाने रोमशी निष्ठा सोडली नाही म्हणून तुरुंग भोगला, त्याच शहरात हे घडावे!

सैन्य नसलेल्या सत्तेपाशी शब्दाशिवाय दुसरे काय असते? करारातील शब्द गुप्त, आणि गुप्त असूनही एकतर्फी वाकवला जाणारा. अशा स्थितीत तैपेईतील खुर्ची पुढच्या सौद्यासाठी राखून ठेवणे आम्हांला अनुचित वाटते. बीजिंगला जायचेच असेल तर आधी मसुदा प्रसिद्ध व्हावा, आणि बिशपांच्या नेमणुकीत अंतिम शब्द कोणाचा हे चीनमधील श्रद्धावंतांनाही वाचता यावे. तोवर तैपेईत पूर्ण दर्जाचा नुन्सियो नेमण्यास कोणता धर्मनियम आड येतो, हे रोमने सांगावे.