वृद्ध रुग्णाच्या अन्नाची तजवीज

सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा-यावलकडून जळगावला, किंवा साक्री-शिरपूरकडून धुळ्याला, आतडे फुटलेला अथवा आतड्याला पीळ पडलेला जो वृद्ध रातोरात शासकीय रुग्णालयात आणला जातो, त्याची उपासमार बहुधा त्या रात्री सुरू झालेली नसते; मुले सुरतेस कामाला गेलेली, दात गेलेले, जेवण चतकोर भाकरीवर आलेले, अशा क्षीण देहावर शल्यचिकित्सकास काही तासांतच शस्त्र चालवावे लागते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी पोषणास सवड मिळते. येथे ती नसल्यामुळे नंतरचे पोषण हाच उपचाराचा उत्तरार्ध ठरतो, आणि तोच नातलगांच्या डब्यावर सोपवला जातो.

अमेरिकेतील हायरम स्टडली या शल्यचिकित्सकाने १९३६ साली जठरव्रणाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन पाचव्या हिश्श्याने वा अधिक घटले होते, त्यांच्यापैकी एक-तृतीयांश दगावल्याचे दिसले. इतरांत हे प्रमाण शेकडा ३.५ होते. इतका जुना पुरावा हाती असता केसपेपरवर वजनाची नोंद नसावी, हे मला अक्षम्य वाटते.

सलाइन लागले म्हणजे अन्न मिळाले, अशी घरच्यांची समजूत असते. वास्तविक पाच टक्के साखरेच्या एक लिटर द्रावणात २०० उष्मांकही नसतात आणि प्रथिने मुळीच नसतात. ४५ किलो वजनाच्या रुग्णास मात्र दिवसाला ११०० ते १३५० उष्मांक आणि ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने हवीत. टाके तुटतील या भयाने त्याला आठवडाभर उपाशी ठेवणे अनुचित; शल्यचिकित्सकाची अनुज्ञा असेल तर पुष्कळदा पहिल्या एक-दोन दिवसांतच तोंडाने किंवा नळीने थोडे थोडे अन्न सुरू करता येते. थोडे थोडेच, कारण दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यास एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम घसरून हृदयावर संकट येते. म्हणून आधी थायमिन, मग मोजून वाढवलेला आहार, आणि रक्ताची वरचेवर तपासणी.

आज महात्मा फुले यांचे नाव धारण करणारी जनआरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. या योजनेत वृद्धाच्या तातडीच्या उदरशस्त्रक्रियेला मंजुरी देतानाच आहारतज्ज्ञाचा सल्ला आणि घरी गेल्यावर निदान महिनाभर डाळ, अंडी, शेंगदाणे व दूधभुकटी यांची तरतूद व्हावी. क्षयरुग्णास पोषणासाठी दरमहा रक्कम देण्याची व्यवस्था शासनाने २०१८ पासून केलीच आहे. तोच न्याय या वृद्धांना लावण्यास कोणती हरकत असावी?