आधी मुळाशी तर जाऊ!

'प्रश्नाच्या मुळाशी जा' हा उपदेश आपण पहिल्या सेमिस्टरपासून ऐकतोय. मी मात्र खरोखरच फावडं घेऊन मुळाशी गेलो, आणि तेसुद्धा प्रोजेक्ट फसल्यावर!

झालं असं, की फायनल इयरला आमच्या ग्रुपने ऑटोमॅटिक ठिबक करायचं ठरवलं. जमिनीतली ओल मोजणारा सेन्सर, ओल कमी झाली की मोटर चालू, पुरेशी झाली की बंद. लॅबमधल्या कुंडीत एकदम झकास चाललं. मग शेगावपासून जवळच माझ्या मामाच्या कपाशीत बसवलं. शेत पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, म्हणून सगळी मदार शेततळ्यावर. सेन्सर पुरला दीड फूट खोल. आठवडाभरात झाडं माना टाकू लागली आणि आमचं मशीन मात्र ठणकावून सांगत होतं, 'ओल आहे, मोटर बंद!'

मामा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "पानी कुठवर गेलं हे तुह्या मशीनले समजते, पन मुळी कुठवर गेली हे समजते काय?"

खरं सांगतो, कुठल्याच व्हायवात इतका अवघड प्रश्न विचारला गेला नव्हता. आम्ही एका झाडाशेजारी चर खणला आणि कडेची माती पाणी मारून हळूच धुतली. सोटमूळ जेमतेम नऊ इंच सरळ गेलं होतं, खाली कडक थर लागला आणि तिथून ते काटकोनात आडवं वळलं होतं. पाणी खाली, मूळ वर, अन् आमचा सेन्सर पाण्यासोबत खाली! प्रोग्राम बरोबर होता, चुकलो आम्ही.

नंतर वाचलं, तर कळलं की हा चर खणण्याचा उद्योग फार जुना आहे. अमेरिकेत नेब्रास्काच्या जॉन वीव्हर यांनी असेच खोल चर खणून गवतांच्या आणि पिकांच्या मुळांची चित्रं काढली. त्यांचं पहिलं मोठं पुस्तक 1919 चं. या पद्धतीत सगळं दिसतं, पण एकदाच. खणलेलं झाड पुढच्या आठवड्यात पुन्हा कसं बघणार? यावर उपाय म्हणजे पारदर्शक नळी. 1937 मध्ये बेट्स यांनी काचेची नळी जमिनीत घालून मुळं बघितली. आज त्यालाच मिनीरायझोट्रॉन म्हणतात. ऍक्रेलिकची नळी तिरपी पुरायची, वरचा भाग काळा रंगवून झाकण लावायचं आणि दर आठवड्याला आत कॅमेरा सोडून त्याच त्या जागेचे फोटो काढायचे. कोणतं मूळ वाढलं, कोणतं मेलं, सगळा हिशोब मिळतो.

आणि मोजायचं कसं? तिसरी पद्धत म्हणजे पोकळ लोखंडी पाईप ठोकून मातीचा गाभा काढायचा, चाळणीवर धुवायचा आणि मुळं एक सेंटिमीटरच्या चौकटींवर पसरायची. मुळं रेषांना किती वेळा छेदतात ते मोजा आणि त्याला पाय भागिले चारने गुणा, लांबी सेंटिमीटरमध्ये हजर! न्यूमन (1966) आणि टेनंट (1975) यांची ही युक्ती. एम-थ्रीला घाबरणाऱ्यांनो, गणित असंही असतं!

माझं म्हणणं सोपं आहे. दरवर्षी आपल्याकडे 'स्मार्ट इरिगेशन'चे प्रोजेक्ट होतात. त्यातल्या प्रत्येकाने सेन्सर पुरण्याआधी निदान दोन-तीन झाडांची मुळं बघावीत. फावड्याला स्पॉन्सरशिप लागत नाही.

"हे ऍग्रीवाल्यांचं काम आहे," असं आम्हाला ऐकवलं गेलं. मला ते पटत नाही. आपल्या काळ्या मातीतच खरं इंजिनिअरिंग दडलंय. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मग नळी आणि माती यांच्यात फट पडते, मुळं त्या फटीतून सरसर खाली उतरतात आणि कॅमेरा खोटं चित्र दाखवतो. मातीबरोबर हलणारी, फट न पडू देणारी नळी बनवणं हा मेकॅनिकलचा प्रश्न, कमी उजेडात स्वस्त कॅमेरा चालवणं इलेक्ट्रॉनिक्सचा आणि फोटोतलं मूळ व भेग वेगळी ओळखणं कॉम्प्युटरवाल्यांचा. पिकाचं ज्ञान हवं, तर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. पण जोवर तशी नळी बनत नाही, तोवर नळीवर एकटा विश्वास नको. शेजारी एखादा चर खणून पडताळा घ्यायलाच हवा.

आम्ही शेवटी सेन्सर सहा इंचांवर आणला. झाडं सावरली, पण सगळी नाही. दोन ओळींचं नुकसान मामाने सोसलं. आमचं सबमिशन झालं, मार्क मिळाले. त्याचं काय?

म्हणून पुढच्या बॅचला एकच विनंती. शेतात जाल तेव्हा लॅपटॉप जरूर न्या, पण आधी फावडं उचला. बघा, पटतंय का!