क्लोरीन आहे, पण जोर आहे का?

दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरच्या पाण्याचा पीएच काटेकोर सांभाळतात, नळ्या गंजू नयेत म्हणून. पिण्याच्या पाण्यात मात्र ओटी चाचणीचा पिवळा रंग दिसला की आपण निर्धास्त! रंग क्लोरीन असल्याचे सांगतो, त्याचा जोर नाही. पीएच ७.५ असेल तर मोकळ्या क्लोरीनपैकी जेमतेम निम्मा जंतुनाशक हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ८.५ ला साधारण दहावा हिस्सा. आणि ८.५ भारतीय मानकात बसते. रेडॉक्स इलेक्ट्रोड हा जोर मिलिव्होल्टमध्ये दाखवतो. ६५० च्या वर ई. कोलाय झटपट मरतात. पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण वाढले की टाकीची नोंदवही मागवली जाते. तिच्यात क्लोरीनशेजारी पीएचचा रकाना हवाच. मीटर घेणे सोपे. त्याचे काचेचे टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओले ठेवणारा, बफरवर आकडा पडताळणारा माणूस ग्रामपंचायतीने आधी नेमावा.