प्रयोगशाळेतून तोरणमाळपर्यंत

डासांनी पसरविलेल्या विषाणूंशी महाराष्ट्राचा परिचय जुना आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ आली आणि त्यानंतर तीन दशके तो रोग जणू लुप्त झाला. तो कायमचा गेला असे मानून सारेच निर्धास्त राहिले. परंतु २००५ मध्ये तो परतला आणि २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप काही दिवसांत उतरतो; सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्महिने धरलेले राहतात. हातावर पोट असलेल्या माणसाला ही पंगुता फार महाग पडते.

या रोगावर आता नव्या पद्धतीची लस निघाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिका व युरोपात मान्यता मिळालेल्या या लशीत विषाणू नसतो, असते ते केवळ त्याचे कवच. विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिने पेशींकडून तयार करवून घेतली, की ती आपोआप जुळून विषाणूसदृश कण बनतात. आत जनुकीय द्रव्य नसल्यामुळे हे कण शरीरात वाढू शकत नाहीत. शरीर मात्र त्यांना शत्रू समजून प्रतिपिंडे सज्ज करते. दुबळा केलेला जिवंत विषाणू वापरणाऱ्या दुसऱ्या लशीचा परवाना अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे स्थगित केला, हे ध्यानी घेता या पद्धतीचे महत्त्व पटते. तत्त्वही अपरिचित नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच तत्त्वावर बनविली आहे.

तरीही हुरळून जाण्याचे कारण नाही. नव्या लशीला मान्यता मिळाली ती रक्तातील प्रतिपिंडांच्या आधारे. प्रत्यक्ष साथीत ती किती तारते, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे. शिवाय तिचे पहिले गिऱ्हाईक आहे परदेशी प्रवासी. हैदराबादच्या बायॉलॉजिकल ई कंपनीशी उत्पादनाचा करार झाला आहे, ही आशेची बाब खरी; पण ज्यांच्या दारात डास आहे त्यांनी प्रवाशांच्या मागे रांगेत उभे राहावे, हा न्याय नव्हे.

या न्यायाची कसोटी तोरणमाळसारख्या गावी लागेल. सातपुड्याच्या माथ्यावरील या गावापर्यंत लस न्यायची, तर ती वाटेत २ ते ८ अंश तापमानात राखली पाहिजे; ती तापूनही चालत नाही, गोठूनही चालत नाही. म्हणजे घाटरस्ता, वीज आणि आरोग्यसेवकाच्या हातातील शीतपेटी ही लशीचीच अंगे होत. पुण्यात १९५२ पासून विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिच्या ज्ञानाचा उपयोग करून देशातच चाचण्या घ्याव्यात, किंमत आधी ठरवावी आणि दुर्गम पाड्यांचा विचार योजनेच्या आरंभीच व्हावा. तोवर पाण्याची भांडी झाकणे व आठवड्यातून एकदा कोरडी करणे, हाच स्वस्त उपाय आहे. साथ ओसरली की यंत्रणाही निजते, हा बार्शीनंतरचा अनुभव आहे. तो पुन्हा येऊ न देणे एवढे तरी शासनाच्या हाती आहे.